मैत्रिणींच्या गप्पांना ‘निव्वळ चावटपणा’ म्हणणाऱ्यांसाठी

मृणाल: काल रघुनाथरावांनी लिहिलं, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मैत्रिणींच्या पॉडकास्टमध्ये ‘केस, पुरुष आणि बिछाना’ एवढंच असतं, त्यात संस्कृती कसली? राहवलं नाही म्हणून लिहितेय. १९८३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात आरोग्य कार्यकर्त्या बिली एव्हरींच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आरोग्यावर परिषद भरली. त्या कामातून स्वमदत गट उभे राहिले. बायका गोल करून बसत आणि रक्तदाब, नवऱ्याची मारहाण, शरीरसुख यांवर बोलत. आजच्या गप्पा त्याच परंपरेतल्या आहेत.

रघुनाथराव: परंपरा कसली? गटातलं बोलणं गटातच राहायचं. इथे मैत्रिणीचा घटस्फोट दोन जाहिरातींच्या मध्ये ऐकवतात. आणि केसांवर अख्खा तास!

सई: तासही कमीच पडेल, काका. रिलॅक्सर, म्हणजे कुरळे केस सरळ करणारं रसायन, माहीत आहे का? लाय प्रकारात सोडियम हायड्रॉक्साइड असतं. लावण्याआधी टाळू खाजवायचा नाही, कडेने पेट्रोलियम जेली लावायची. नंतर दर ८ ते १२ आठवड्यांनी फक्त नव्याने वाढलेल्या मुळांना लावायचं. जुन्या सरळ केसांवर पुन्हा आलं की केस तिथूनच तुटतात. रसायनाचा परिणाम थांबवणारा न्यूट्रलायझिंग शाम्पू नीट केला नाही तर अल्कली मागे राहते आणि काम करतच राहते. नैसर्गिक कुरळ्या केसांवरून नोकरी नाकारली जाऊ नये म्हणून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाला क्राउन कायदा करावा लागला. ही संस्कृती नाही?

अंजली: सई, अर्धंच सांगतेस. सोडियम हायड्रॉक्साइड नसलेला नो-लाय प्रकार म्हणजे सौम्य असंही बायकांना वाटतं. त्यातलं कॅल्शियम केसांवर साचून केस कोरडे, राठ होतात. आणि ‘रिलॅक्सरने कॅन्सर होतो’ असं या गप्पांत बिनदिक्कत ठोकून देतात, त्याचं काय?

सई: ठोकून देत नाहीत. ‘सिस्टर स्टडी’ या अमेरिकेतल्या स्त्रियांच्या मोठ्या आरोग्य-अभ्यासाचे २०२२ चे निष्कर्ष वाच. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारं उत्पादन वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा अंदाजित धोका ४.०५ टक्के, कधीच न वापरणाऱ्यांत १.६४.

अंजली: तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही! कोणता घटक जबाबदार, कोणता ब्रँड, हे त्या अभ्यासात विचारलेलंच नव्हतं. घाबरवू नका बायकांना.

सई: घाबरवत नाहीये. चार वेळांचे दोन वेळा करा, एवढं तरी सांगायचं की नाही?

अंजली: तेवढं सांग. त्याला माझी हरकत नाही.

मृणाल: मूळ मुद्द्यावर या. गुलामगिरीत कृष्णवर्णीय बायकांवर ‘लंपट’ असा शिक्का मारला, म्हणजे मालकाने केलेल्या बलात्काराचा दोष त्यांच्याच माथी. म्हणून पुढे चर्चमधल्या बायकांनी कपडे, बोलणं, वागणं यांवर कडक बंधनं घालून घेतली. इतिहासकार एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी १९९३ मध्ये हे सविस्तर मांडलं. तेव्हा गप्प राहणं हेच चिलखत होतं. आज ‘मला अमुक आवडतं, तमुक दुखतं’ असं स्वतःच्या नावाने बोलताना ते चिलखत उतरवावं लागतं. त्याला तुम्ही चावटपणा म्हणता?

रघुनाथराव: इतिहासाचा मुद्दा मान्य, ‘चावटपणा’ हा शब्द मागे घेतो. पण गैरहजर मैत्रिणीची खासगी गोष्ट तिला न विचारता सांगणं मला पटणार नाही.

मृणाल: तिला न विचारता सांगितलं असेल तर मलाही नाही पटणार.