बाबांच्या बायपासला ११ वर्षं झाली. ग्राफ्टची मुदत संपते का?

बाबा ६९ वर्षांचे आहेत. ५८व्या वर्षी बायपास झाली, तीन ग्राफ्ट, म्हणजे बंद वाहिनीला वळसा घालून जोडलेल्या शरीरातल्याच दुसऱ्या रक्तवाहिन्या. मधुमेह आधीपासून आहे. ऑपरेशननंतर आजवर छातीत एकदाही दुखलेलं नाही. पण गेल्या महिन्यात कुणीतरी त्यांना सांगितलं, की बायपास दहा वर्षंच टिकते. तेव्हापासून त्यांनी जिना चढायचं सोडलं. रात्री उठून मनगटावर बोटं ठेवून बसलेले असतात. आईला म्हणाले, "आता मिळतंय ते वरचं."

शिवाय मला कालच कळलं, की कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनी दोन वर्षांपूर्वी बंद केली आहे, रिपोर्ट चांगला आला म्हणून. दहा वर्षांची ही गोष्ट खरी आहे का? पुन्हा ऑपरेशन करावं लागतं का? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, मी स्वतः रुग्ण आहे. ५२व्या वर्षी बायपास झाली, त्याला आता १७ वर्षं होतील. तुमचे बाबा रात्री नाडी धरून बसतात हे वाचून राहवलं नाही. मीही बसायचो.

आधी एक करा. डिस्चार्ज कार्ड शोधा आणि कुठला ग्राफ्ट कशाचा आहे ते बघा. माझ्या कार्डावर सर्जनने पेनाने हृदयाचं चित्र काढून दिलं होतं: एक छातीतली धमनी, तीन पायातल्या शिरा. नऊ वर्षं मी त्या चित्राकडे नीट पाहिलंच नाही. सगळं उत्तर मात्र त्यातच होतं.

छातीच्या आतल्या बाजूला डावीकडे एक धमनी असते, डॉक्टर तिला लिमा म्हणतात. ती बहुधा हृदयाच्या पुढच्या मोठ्या वाहिनीला, म्हणजे एलएडीला जोडतात. ही धमनीच असल्यामुळे धमनीतला दाब तिच्या अंगवळणी पडलेला असतो. दहा वर्षांनीही शंभरातल्या नव्वदाच्या आसपास लिमा चालू असतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९८६ सालीच दाखवून दिलं होतं, की हा ग्राफ्ट मिळालेले रुग्ण नुसत्या शिरांवर बायपास झालेल्यांपेक्षा जास्त जगतात.

पायाच्या शिरेचं तसं नसतं. तिला कमी दाबाची सवय. एकदम धमनीच्या जागी बसवली, की तिची भिंत जाड होत जाते आणि पुढे त्या जाड भिंतीत चरबी साठते. दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या शिरा बंद पडतात. 'दहा वर्षं' हा आकडा इथून आलाय. तो त्या शिरांचा आकडा आहे, माणसाचा नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती रात्री शांत झोपलो असतो!

माझं काय झालं ते सांगतो. नवव्या वर्षी चढावर दम लागायला लागला. छातीत दुखत नव्हतं, म्हणून मी चार महिने वाया घालवले. तसं करू नका. अँजिओग्राफीत एक शीर पूर्ण बंद निघाली, ती केव्हा बंद झाली मला कळलंही नव्हतं. दुसरी अरुंद झाली होती. तिथे पुन्हा छाती न उघडता स्टेंट टाकला. लिमा स्वच्छ होती. पडद्यावर ती सरळ रेघ दाखवून डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला हिने सांभाळलंय." त्याआधी मीही कोलेस्टेरॉलची गोळी दीड वर्ष बंद ठेवली होती, अगदी तुमच्या बाबांसारखंच कारण. ती शीर त्यामुळेच अरुंद झाली असं मी म्हणू शकत नाही. पण रिपोर्ट चांगला येतो तो गोळीमुळे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. गोळी पुन्हा सुरू करायचं डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. आणि ॲस्पिरिन चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नका.

प्रतिसाद २

आमच्या काकांची बायपास होऊन १५ वर्षं झाली. दुसऱ्या वर्षीच सगळ्या गोळ्या सोडल्या, ठणठणीत आहेत. फार डोक्यात घेऊ नका.

प्रतिसाद ३

काकांना आयुष्य लाभो, पण कृपया हा सल्ला म्हणून देऊ नका. मी हृदयरुग्णांच्या पुनर्वसन विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. बायपास ही बंद रस्त्याला दिलेली वळणवाट आहे. रस्ता ज्या आजाराने बंद झाला तो शरीरात तसाच राहतो, आणि मधुमेह असेल तर जास्तच.

ताई, मला खरी काळजी वाटली ती बाबांनी जिना सोडल्याची. छातीचं हाड साधारण तीन महिन्यांत सांधतं, भीती मात्र कधीकधी वर्षानुवर्षं सांधत नाही. बायपासनंतर पुष्कळांना नैराश्य येतं, आणि ज्यांच्यात ते राहतं त्यांची तब्येतही पुढे जास्त ढासळते. "मिळतंय ते वरचं" हे वाक्य तुमच्या डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. स्ट्रेस टेस्ट आणि इको करून, किती चालायचं, किती चढायचं हे त्यांच्याकडून ठरवून घ्या.

बाबांना आणखी एक आकडा सांगा. स्टेंट आणि बायपासची तुलना करणाऱ्या सिंटॅक्स अभ्यासात दहा वर्षांपर्यंतचा माग काढला, ते निष्कर्ष २०१९ साली आले. तीनही वाहिन्यांचा आजार असलेल्यांपैकी बायपास झालेले शंभरातले ७९ जण दहा वर्षांनी हयात होते, स्टेंटवाल्यांत ७२.

प्रश्नकर्ती

कार्ड सापडलं. लिमा एलएडीला, बाकी दोन पायाच्या शिरा. प्रतिसाद १ बाबांना वाचून दाखवला. चित्राचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला, मग चष्मा लावून स्वतः कार्ड बघितलं. गुरुवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. गोळी बंद केल्याचं तेच सांगणार आहेत, मी फक्त सोबत जाणार.