दारू सुटल्यानंतरचं घर : तुमचे अनुभव लिहा

निशिगंध

काल रात्री शेजारच्या दारावर कुणीतरी बराच वेळ किल्ली चाचपडत होतं. किल्ली बसतच नव्हती, नुसता खरवडल्याचा आवाज. मी झोपेतून उठून ताडकन बसले. शेजारी नवीन राहायला आलेत, जिन्यातला दिवा गेला होता, एवढंच कारण. पण माझे हात गार पडले होते आणि मुलाच्या खोलीचं दार मी कधी ओढून घेतलं ते मलाही कळलं नाही.

माझे बाबा प्यायचे. आता पीत नाहीत, सोडून जमाना झाला. तेव्हा आम्ही भावंडं किल्लीच्या आवाजावरून रात्र कशी जाणार ते ओळखायचो. एका झटक्यात लागली तर अभ्यास चालू ठेवायचा. चाचपडली की दिवे बंद, तोंडावर पांघरूण. धाकटा तर घोरायचासुद्धा, खोटंखोटं.

दारू कशी सोडवावी यावर पुष्कळ वाचायला मिळतं. सुटल्यावर घरात काय होतं ते फारसं कुणी बोलत नाही. आम्हाला वाटलेलं, एकदा सोडली की झालं. पण आई कितीतरी महिने बाबांचा शर्ट धुवायला टाकायच्या आधी हुंगून बघायची. बाबा रात्रभर येरझाऱ्या घालायचे, पंख्याचा आवाज झाला तरी खेकसायचे. भाऊ एकदा चिडून म्हणाला होता, पीत होते तेव्हा निदान झोपायचे तरी! मग कधीतरी त्यांनी भंगारातला एक रेडिओ उघडून बसायला सुरुवात केली, मग दुसरा, मग ओळखीपाळखीचे लोक आपापले रेडिओ आणून द्यायला लागले. आणि घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. हे कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही म्हणून तुम्हाला विचारतेय. ज्यांच्या घरातली सुटली त्यांनी लिहा, ज्यांची सुटतेय त्यांनी लिहा, आणि सुटली नाही त्यांनीही. नावं-गावं नकोत.

रानवारा

शर्ट हुंगणं!! माझी आई पाण्याची बाटली हुंगते. वडिलांची नाही, माझी. मी आजवर थेंबाला शिवलेलो नाही, तरी ऑफिसातून आलो की बॅगेतली बाटली पहिली तिच्या हातात. पूर्वी राग यायचा. आता मीच झाकण काढून देतो.

अबोली१२

बाटलीचं वाचून गलबलून आलं रे.
सविस्तर लिहीन, आत्ता गॅसवर ठेवून आलेय.

आडवाट

मी पलीकडच्या बाजूचा. म्हणजे पिणारा.

निशिगंध, तुझ्या बाबांच्या येरझाऱ्यांबद्दल सांगतो, कारण माझ्या बायकोलाही वाटायचं मी मुद्दाम करतोय. दारू मेंदूला गुंगी आणते. वर्षानुवर्षं पीत राहिलं की मेंदू ती गुंगी तोडायला उलट्या बाजूने जोर लावायला शिकतो. मग दारू गेली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. थरथर, घाम, धडधड काही दिवसांत थांबते. झोप आणि डोकं ताळ्यावर यायला मात्र महिने लागतात. मला टाळी वाजली तरी दचकायला व्हायचं. पोरं हसायला लागली तरी डोक्यात जायची. आपलीच पोरं, आणि हसतायत, तरी! हे बाहेरच्या माणसाला कसं समजावणार?

दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये एका जुन्या मेंबरने मला शिकवलं, ओढ लागली की आधी चार गोष्टी बघ : भूक लागलीय का, राग आलाय का, एकटं वाटतंय का, थकलायस का. दहातल्या नऊ वेळा यातलंच काहीतरी निघतं. मी आजही खिशात खायला काहीतरी ठेवतो. आणि 'आयुष्यभर पिणार नाही' असं मी कुणालाच म्हणत नाही. आज नाही. उद्याचं उद्या सकाळी.

सुई_दोरा

मी लिहू का नको करत होते.

आमच्याकडे सुटली तेव्हा सगळे त्यांचं कौतुक करायला लागले. सासूबाई, नणंदा, त्यांचे मित्र, सगळेच. 'काय इच्छाशक्ती आहे!' आणि मी आतून धुमसतेय. इतकी वर्षं पोरांना सांभाळलं, लोकांना खोटी कारणं दिली, नोकरी टिकावी म्हणून त्यांच्या साहेबाला फोन केले, ते कुणाच्या खिजगणतीत नाही. वर ते आता रोज संध्याकाळी मीटिंगला जाणार. म्हणजे आधी दारूसाठी बाहेर, आता दारू सोडण्यासाठी बाहेर. मी घरी एकटी ती एकटीच. मला वाटायचं, आपण किती वाईट बाई, नवरा सुधारला तर आपल्याला राग येतोय.

मग एका बाईंनी मला लोइस यांची हकिकत सांगितली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा गट, १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनला दोघांनी सुरू केलं, एक शेअर बाजारातला माणूस आणि एक सर्जन. दोघेही पक्के पिणारे. लोइस म्हणजे त्यातल्या पहिल्याची, बिल यांची, बायको. नवऱ्याची दारू सुटल्यावर एकदा ते म्हणाले चल, मीटिंगला उशीर होतोय, आणि या बाईंनी पायातला बूट काढून फेकून मारला. दारू पीत असताना नाही हं, सुटल्यावर! स्वतःच्या या रागानेच त्या विचारात पडल्या की आजार एकट्या पिणाऱ्याला झालेला नाही. पुढे १९५१ मध्ये त्यांनीच घरच्या लोकांसाठी अल-अ‍ॅनॉन उभं केलं.

मला इतकं हायसं वाटलं ना हे ऐकून. मी जायला लागले. तिथे तीन गोष्टी पुन्हा पुन्हा कानावर पडतात : हे मी घडवलेलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. पहिली ऐकून मी रडले, दुसरीवर भांडले. तिसरी मला अजून जड जाते.

एक सांगते. यांना काही आणायला पाठवलं की परत आल्यावर मी उरलेले पैसे मोजायची. समोरच, टेबलावर, नाणीसुद्धा. ते गप्प उभे राहायचे. एके दिवशी त्यांनी पैसे ठेवले, मी फोनवर बोलत होते, आणि तसेच उचलून डब्यात टाकले. न मोजता. रात्री ते म्हणाले, आज तू मोजले नाहीस. माझ्या लक्षातही आलं नव्हतं, त्यांच्या आलं होतं.

अबोली१२

सुईदोरा, तुला घट्ट मिठी. 'आपण किती वाईट बाई' हे वाक्य माझंच आहे.

कोवळं_ऊन

सगळं वाचतेय पण आत्ता वेगळं विचारायचंय, जरा घाईचं आहे. माझे दीर रोज पितात, सकाळपासून. काल खूप भांडणं झाली आणि ते म्हणाले उद्यापासून थेंब नाही. जाऊबाईंनी ठरवलंय, चार-पाच दिवस खोलीत बाहेरून कडी घालून ठेवायचं, मी सोबतीला जाणार आहे. काय काय तयारी ठेवू?

शुश्रूषा

कोवळं_ऊन, कडी घालू नका!! मी नर्स आहे, म्हणून जोरात सांगतेय.

सकाळपासून पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत. मग दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, ताप, रक्तदाब चढतो, माणूस घरच्यांना ओळखत नाही. उपचार नाही मिळाले तर यात माणसं जातात. कोंडलेल्या खोलीत फिट आली तर कळणार कोणाला?

आजच दवाखान्यात न्या. हे सांगा : रोज किती पितात, शेवटची कधी घेतली, आधी कधी थांबवली तेव्हा फिट किंवा भास झाले होते का, दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत. खरं सांगा, कमी करून नाही. थरथर आणि फिट आटोक्यात ठेवायला औषधं आहेत. बी१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, ग्लुकोजचं सलाईन लावायच्या आधी, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दवाखान्यात नेईपर्यंत हात जोरात थरथरायला लागले, बरळायला लागले, तर वाट बघू नका, थेट इमर्जन्सी.

कोवळं_ऊन

बापरे. आधीच्या वेळी फिट आली होती त्यांना, आम्हाला वाटलं उन्हाने. निघते.

चंद्रकोर_

थोडं विषयांतर. निशिगंध, बाबा व्हॉल्व्हचे रेडिओ करतात का? आजोबांचा एक पडलाय, चालू होतो, नुसती घरघर येते.

निशिगंध

करतात ना! पण डोळ्यांमुळे आता हळू. बहुतेक कपॅसिटर गेला असेल म्हणाले (आत्ताच विचारलं, खूश झाले). बंद केल्यावरही आत करंट साठलेला असतो, स्वतः हात घालू नको म्हणाले, दोनदा.

पाऊलवाट

'सुटली नाही त्यांनीही' म्हणालीस म्हणून लिहितो.

आमचे अण्णा गेले. लिव्हर. शेवटी पोटात पाणी साठायचं, ते काढायचं, परत भरायचं, डोळे पिवळेजर्द. तीनदा सुटली होती. एकदा तर इतकी चांगली सुटली की बहिणीच्या लग्नात सगळीकडे पुढे होऊन राबले. परत सुरू झाली तेव्हा कुणालाच पत्ता लागला नाही.

गेले त्या रात्री मी सलग झोपलो. कितीतरी वर्षांनी. सकाळी जाग आली आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच शरम वाटली. हे बायकोला सोडून कुणाला बोललो नव्हतो. अण्णा वाईट नव्हते. सायकल शिकवताना माझ्यामागे पळत पळत दमायचे, पण सीट सोडायचे नाहीत. हेही तेच अण्णा आणि तेही तेच, यातलं एक निवडायला सांगू नका एवढंच.

आडवाट

पाऊलवाट, कुणी सांगणार नाही. तीनदा सुटली म्हणजे तीनदा लढले. माझीही स्लिप झालीय. आत उभा राहून सांगतो, परत पडण्यात सोडायची इच्छा नव्हती असं नसतं.

रानवारा

+१. झोपलास ते बरं केलंस मित्रा.

दिवटी

मी अकरावीत आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? माझे पप्पा अजून पितात. मैत्रिणींना घरी बोलवत नाही, काहीतरी कारण सांगते. मी मार्क चांगले आणले तर सोडतील असं वाटायचं. दहावीला आणले पण.

सुई_दोरा

दिवटी, बाळा, चालेल म्हणजे काय! मार्क तुझे, ते तुझ्यासाठीच. त्यांच्या पिण्याशी त्याचा काही संबंध नाही, ना चांगल्या मार्कांचा ना वाईट. शिक्षिका, मावशी, आत्या, एक कुणीतरी मोठं माणूस शोध आणि त्यांना सगळं खरं सांग. घरात मारहाण होत असेल तर लपवू नकोस, कुठे जायचं, कुणाला फोन करायचा ते आधीच ठरवून ठेव. तुझ्या वयाच्या मुलांचेही गट असतात, अल-अ‍ॅटीन. १९५७ साली एका दारुड्या बापाच्या शाळकरी मुलानेच सुरू केलेलं.

दिवटी

मारत नाहीत. नुसतं रडतात पिऊन. तेच जास्त सहन होत नाही. मराठीच्या बाई चांगल्या आहेत, त्यांना सांगू बघते.

अबोली१२

नुसतं रडतात... हो ग. आमच्याकडेही.

आले मोकळी होऊन. काकूने काकांच्या जेवणात दारू सोडवायच्या गोळ्या मिसळल्या होत्या, कुणीतरी आणून दिलेल्या, 'त्याला कळणारही नाही' म्हणून. काकांनी वर दारू घेतली आणि लालबुंद होऊन उलट्या करत खाली कोसळले. वाचले. पण त्यानंतर घरातलं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. व्यसन राहिलं बाजूला, विश्वासच गेला.

शुश्रूषा

डायसल्फिरम असणार. दारू शरीरात मोडताना मध्येच एक विषारी पदार्थ तयार होतो, ही गोळी त्याचं पुढचं विघटन रोखते, म्हणून तो साठतो. माणसाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर उपयोगी पडते. चोरून कधीच नाही. हृदयाचा त्रास असेल तर जीव जाऊ शकतो. खोकल्याच्या काही औषधांत अल्कोहोल असतं, तेवढंही पुरतं. ओढ कमी करायला नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधंही आहेत, ती डॉक्टरांशी उघड बोलून घ्यायची.

चंद्रकोर_

माझा रेडिओ राहू दे. हा धागा वाचून भावाला फोन केला. बऱ्याच दिवसांनी उचलला त्याने. दारूचं काही बोललो नाही, क्रिकेटवर बोललो.

कोवळं_ऊन

दाखल केलं. रात्री भास सुरू झाले होते, खिडकीतून कुणी बोलावतंय म्हणत होते, पण वॉर्डात होतो म्हणून निभावलं. आज जाऊबाईंना ओळखलं. शुश्रूषा, तुझे कसे आभार मानू.

जाऊबाई घरी आल्यात आणि सरळ भांडी घासायला बसल्यात, कुणाशी बोलत नाहीत. आता पुढे काय करायचं?

शुश्रूषा

आभार नकोत. डिस्चार्जच्या आधी पुढच्या भेटीची तारीख घेऊनच बाहेर पडा. शरीरातली दारू निघाली, उपचार आता सुरू होतात. समुपदेशन, औषधं, मीटिंग, काय जमेल ते लगेच जोडा, 'बरे झाले की बघू' नको.

सुई_दोरा

आणि जाऊबाईंचं माझ्याकडे दे. उद्या संध्याकाळी आमची मीटिंग आहे, फोनवरून जोडता येतं, कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो, काही बोलायची सक्ती नाही. त्यांना विचार आणि नंबर निरोपात पाठव, मी आधी स्वतः बोलते त्यांच्याशी.

कोवळं_ऊन

विचारलं. हो म्हणाल्या. पाठवते.