पेपरमध्ये आर (आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा) आणि त्याच्या पॅकेजेसचं (जोडायच्या तयार संचांचं) सायटेशन कसं द्यायचं?

ज्वारीवाली
नमस्कार मंडळी. पहिलाच पेपर आहे, रब्बी ज्वारीच्या तीन हंगामांच्या चाचण्यांवर. मी लिहिलं होतं, 'विश्लेषण आरस्टुडिओ वापरून केले'. रिव्ह्यूअर नं. २ म्हणतात, सॉफ्टवेअर, आवृत्ती आणि संदर्भ नीट द्या. गाईड म्हणतात, आमच्या वेळी 'एसपीएसएस वापरले' एवढ्यावर भागायचं. माझ्या स्क्रिप्टच्या डोक्यावर चौदा पॅकेजेस आहेत. सगळी द्यायची का?

खवटकाका
रिव्ह्यूअर बरोबर आहेत. आरस्टुडिओ हा नुसता एडिटर, गणित आर करतं. पोळी तव्यावर भाजली आणि आभार ओट्याचे मानलेत तुम्ही. कन्सोलमध्ये सायटेशन ही कमांड रिकाम्या कंसासकट चालवा, आरचा तयार संदर्भ मिळेल: लेखक आर कोअर टीम, प्रकाशक व्हिएन्नाचं आर फाउंडेशन. कंसात अवतरणचिन्हांत पॅकेजचं नाव घातलंत की त्याचाही मिळतो. वर्ष मनाने टाकू नका, ते तुमच्या आवृत्तीचं हवं.

अर्धवट_थीसिस
चौदा नकोत ताई. ज्याने तुमच्या तक्त्यातला आकडा काढला ते द्या. फाईल उघडायला किंवा कॉलम सरकवायला घेतलेली सोडा. मॉडेल कशात केलंय?

ज्वारीवाली
एलएमई-४ पॅकेजमध्ये. सरासऱ्यांची तुलना ईएममीन्स पॅकेजने.

अर्धवट_थीसिस
मग पी-व्हॅल्यू (फरक योगायोगाचा आहे का हे तपासायचे आकडे) कुठून आल्या? एलएमई-४ च्या लेखकांनी त्या मुद्दामच दिलेल्या नाहीत.

ज्वारीवाली
अरेच्चा. एलएमईआर-टेस्ट लोड केलं होतं!

अर्धवट_थीसिस
तेच तर. पी-व्हॅल्यू छापताय म्हणजे त्याचा संदर्भ हवाच, आणि त्यासाठी लागणाऱ्या स्वातंत्र्यकोटी (डिग्रीज ऑफ फ्रीडम) सॅटरथ्वेट पद्धतीने काढल्या हेही लिहा (मुद्दाम बदललं नसेल तर तीच असते). दोन्हींचे पेपर जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअरमध्ये आहेत, एलएमई-४ चा २०१५ चा, दुसरा २०१७ चा. पेपर देताना पॅकेजची आवृत्ती मजकुरात वेगळी लिहायची, बरेच जण तिथेच घसरतात.

मराठवाडी_मीन
गाईड अगदीच चुकीचे नाहीत हं. एपीएच्या (अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या) लेखन-नियमांच्या सातव्या आवृत्तीत एसपीएसएससारखं सर्रास वापरातलं सॉफ्टवेअर संदर्भयादीत द्यावं लागत नाही, मजकुरात नाव-आवृत्ती पुरते. पण आधी तुमच्या जर्नलचा नियम बघा. आणि शेतातल्या प्लॉटांची यादृच्छिक मांडणी आरच्या सॅम्पल फंक्शनने केली असेल, तर ती कुठल्या आवृत्तीत केली तेही द्या. २०१९ च्या ३.६.० पासून त्या फंक्शनची रीत बदलली. सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) तोच ठेवला तरी जुन्या आवृत्तीत निघालेली मांडणी नव्यात निघत नाही. मी दोन दिवस माझीच चूक शोधत बसलो होतो.

खवटकाका
बिबटेक्स (संदर्भयादी आपोआप बनवणारं साधन) वापरत असाल तर आर कोअर टीमभोवती महिरपी कंसांची जोडी दुहेरी ठेवा. नाहीतर ते 'टीम' आडनाव समजतं आणि यादीत 'टीम, आर. सी.' असे गृहस्थ येऊन बसतात. छापून आलेल्या पेपरांतही भेटलेत मला हे.

अर्धवट_थीसिस
आलेखांसाठी जीजीप्लॉट-२?

खवटकाका
द्यावं. फुकट वापरतो आपण, लेखकांच्या पदरात निदान सायटेशन तरी पडू दे.

मराठवाडी_मीन
मी नाही देत, आलेखाने निष्कर्ष बदलत नाही. जागा असेल तर द्या.

ज्वारीवाली
आभार सगळ्यांचे. चौदातली चार उरली, पाचवं आर. मांडणी ४.१ मध्ये आणि विश्लेषण ४.३ मध्ये झालंय, दोन्ही लिहिते. गाईडना ओट्याचं तेवढं सांगणार नाही.