विद्यार्थ्यांची टीम आणि खरा क्लायंट: पुढचे आठ आठवडे कसे आखावेत?

गाइड_मॅडम: सहा विद्यार्थी, एका छोट्या संस्थेची वेबसाइट, एकूण 12 आठवडे. वर्डप्रेस (वेबसाइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर), साधारण 15 पानं, एक चौकशी फॉर्म आणि कार्यक्रमांची यादी. चौथा आठवडा संपतोय. संस्थेतले तिघे जण वेगवेगळ्या मुलांना व्हॉट्सअॅपवर वेगवेगळे बदल सांगतात. मजकूर अजून आलेला नाही. कोड दोघेच लिहितात, बाकीचे ‘डिझाइन बघतोय’. परीक्षा नवव्या आठवड्यात. आता कुठून आवरायला घ्यावं?

खटपट्या: आधी तो व्हॉट्सअॅपचा रस्ता बंद करा. संस्थेकडून एकच माणूस, टीमकडून एकच विद्यार्थी. संस्थेतल्या तिघांनी आपसात काय ठरवायचं ते ठरवावं आणि त्या एकाने ईमेलवर कळवावं. मुलांना उत्तरही पाठ करून द्या: ‘नोंद घेतली, शुक्रवारच्या बैठकीत सांगतो.’ जागच्या जागी ‘हो’ म्हणायचं नाही.

काय काय करणार याचा एक पानी कागद लिहून ईमेलवर मंजुरी घ्या. त्यात काय करणार नाही हेही असू द्या: ऑनलाइन पेमेंट नाही, सभासद लॉगिन नाही, अॅप नाही. नवी मागणी आली की त्याच आकाराचं दुसरं काम यादीतून काढायचं. काय काढायचं ते क्लायंटने सांगावं, मुलांनी नाही.

मजकुराचं म्हणाल तर ‘मजकूर पाठवा’ म्हणून तो कधीच येत नाही. शीट बनवा: एका ओळीत एक पान, पुढे कोण लिहिणार, किती शब्द, कोणते फोटो, कोणत्या तारखेपर्यंत. ‘आमच्याविषयी’चा कच्चा मसुदा मुलांनीच लिहून पाठवावा; कोऱ्या पानाला उत्तर येत नाही, चुकीच्या मसुद्याला त्याच दिवशी येतं. सातव्या आठवड्याअखेर ज्या पानाचा मजकूर नाही, ते पान पहिल्या आवृत्तीत नाही, हे आत्ताच लेखी कळवा. मजकूर युनिकोडमध्येच मागा, जुन्या फॉन्टमधलं टायपिंग पेस्ट केलं की नुसती अगम्य अक्षरं उमटतात. फोटो व्हॉट्सअॅपवरून घ्यायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर ते दाबून लहान होऊन येतात.

शाखा_प्रमुख: टीमबद्दल. ‘फ्रंटएंड तू, डिझाइन तू’ अशी वाटणी केली की चौघे बघ्ये होतात. तीन जोड्या करा आणि प्रत्येकीला एक अख्खा तुकडा द्या. एका जोडीकडे कार्यक्रमांची यादी म्हणजे टेम्प्लेट (पानाचा साचा), सीएसएस (रंगरूपाचा कोड), मोबाइलवरची तपासणी आणि क्लायंटला दाखवणं, सगळं त्यांचंच. दोन कोडवाले एका जोडीत नकोत.

वर्डप्रेसमध्ये विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते ती डेटाबेसमध्ये, म्हणजे जिथे पानांचा मजकूर आणि सेटिंग्ज साठतात तिथे. कोड गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) एकत्र करता येतो, डेटाबेस येत नाही. दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर पानं भरली तर शेवटी एकाचं काम फेकावं लागतं. म्हणून कोड लॅपटॉपवरून स्टेजिंगवर (लाइव्ह होण्याआधीची चाचणीची साइट) जातो आणि मजकूर स्टेजिंगवरून लॅपटॉपवर येतो, उलट कधीच नाही. पानं, मेनू, फोटो फक्त स्टेजिंगवर भरायचे.

गिटमध्ये फक्त स्वतःची थीम (साइटच्या रूपाचा कोड) ठेवा. अपलोड्स फोल्डर (फोटो वगैरे) आणि डब्ल्यूपी-कॉन्फिग (डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल) गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या यादीत. पासवर्ड चुकून चढला तर फाइल डिलीट करून भागत नाही, तो इतिहासात राहतो, पासवर्डच बदला. मेन ब्रांचवर (कोडची मुख्य प्रत) थेट पुश, म्हणजे बदल चढवणं, बंद आणि प्रत्येक पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याची विनंती) दुसऱ्या जोडीने बघायची. एकच लांबलचक स्टाइल फाइल असेल तर रोज कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) होतील, विभागवार तोडा.

आठवा आणि नववा आठवडा कामाचे धरूच नका. परीक्षेच्या तोंडावर कोणी कोड लिहीत नाही, लिहिला तर तो बघवत नाही.

गाइड_मॅडम: सातव्या आठवड्याची तारीख आजच कळवते. लाइव्ह करणं अकराव्यात ठेवलं तर चालेल? आणि डोमेन एका विद्यार्थ्याच्या ईमेलवर घेतलंय.

डीएनएस_काका: अकरावा बरोबर, बारावा दुरुस्त्यांना ठेवा. शुक्रवारी मात्र लाइव्ह करू नका. डोमेन आजच संस्थेच्या खात्यात हलवा. मुलगा पास होऊन गेला की नूतनीकरणाची सूचना कोणी न उघडणाऱ्या ईमेलवर जाते आणि साइट बंद पडते. होस्टिंगही संस्थेच्याच नावावर.

संस्थेचे ईमेल त्याच डोमेनवर असतील तर नेमसर्व्हर (डोमेनच्या सगळ्या नोंदी जिथे असतात तो सर्व्हर) बदलू नका, फक्त ए रेकॉर्ड (साइट कोणत्या सर्व्हरवर आहे ती नोंद) बदला (डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा वेगळा असेल तर तोही). नेमसर्व्हर बदलले आणि एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायचे ती नोंद) नवीन जागी भरायचे राहिले, की साइट झकास दिसते आणि संस्थेचे मेल येणं थांबतं. टीटीएल (जुनी नोंद इतरांकडे किती वेळ टिकते तो काळ) आदल्या दिवशी 300 सेकंदांवर आणून ठेवा.

स्टेजिंगचा पत्ता लाइव्ह करताना डेटाबेसमध्ये साध्या एसक्यूएलने (डेटाबेसला थेट आज्ञा देण्याची भाषा) बदलू नका. वर्डप्रेस काही सेटिंग्ज मजकुराच्या लांबीसकट साठवतं. पत्त्याची लांबी बदलली की ती वाचता येत नाहीत आणि विजेट (साइटवरचे छोटे चौकोन) गायब होतात. डब्ल्यूपी-सीएलआयची (वर्डप्रेसला टाइप करून आज्ञा देण्याचं साधन) सर्च-रिप्लेस वापरा, आधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता रंगीत तालीम.

सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण स्टेजिंगसाठी लावलेली असते, ती लाइव्ह करताना काढा. फॉर्मचे मेल एसएमटीपी प्लगइनने (खऱ्या मेल सर्व्हरमार्फत मेल पाठवणारी जोडणी) पाठवा. प्रेषक संस्थेचा पत्ता, भेट देणाऱ्याचा पत्ता फक्त ‘रिप्लाय-टू’मध्ये (उत्तर जिथे जाईल तो पत्ता), नाहीतर चौकश्या स्पॅममध्ये पडून राहतात.

आणि बाराव्या आठवड्यात संस्थेच्या माणसाला कीबोर्डवर बसवून त्याच्याकडून एक कार्यक्रम टाकून घ्या, मुलांनी मागे उभं राहायचं. तो जिथे अडेल तेवढंच लिहा. दोन पानांची सूचनापुस्तिका पुरते. विद्यार्थ्यांची अॅडमिन खाती त्यानंतर काढायची, आणि काढताना त्यांचा मजकूर संस्थेच्या खात्याकडे वर्ग करण्याचा पर्याय निवडायचा. ‘डिलीट’ निवडलं तर त्यांनी भरलेली पानंही जातात.