काळ्या मस्टँगचे मागचे दिवे स्मोक करावेत का?

व्हीएट_फोंडा
मंडळी, एका गोष्टीवर अडून बसलोय. यंदा सेकंडहँड फोर्ड मस्टँग घेतली. २०१७ ची जीटी, पाच लिटरची व्ही-एट (आठ सिलिंडरचं इंजिन), रंग काळा. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर जी गाडी काढायचो ती आता अंगणात उभी आहे, त्यामुळे तिचं जे करायचं ते नीटच करायचंय.

रिम्स काळे, ग्रिल काळी, मागचं पॅनेल काळं, आणि त्यात ते लाल दिवे मला खटकतात. ॲक्सेसरीवाल्याने तीन पर्याय दिलेत: स्मोक फिल्म (दिव्यावर चिकटवायचा काळसर पारदर्शक थर), दिव्यावर काळसर स्प्रे मारून वरून लॅकर, नाहीतर अमेरिकेहून स्मोक्ड दिव्यांचा पूर्ण सेट. तिसरी ब्रेकलाइट मागच्या काचेत वर आहेच, म्हणून धोका नाही, असं तो म्हणतो. गाडी बहुतेक फोंडा-पणजी चालते आणि सासुरवाडी बेळगावला असल्यामुळे चोर्ला घाटातून जाणं होतं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी काम उरकायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

पेडणे_रायडर
बिनधास्त करा. माझ्या हॅचबॅकला लाइट स्मोक (फिकट काळी) फिल्म आहे, अजून कोणी अडवलेलं नाही. काळ्या गाडीवर तर फारच उठून दिसेल. फक्त स्प्रे नको, फिल्मच लावा. उद्या विकायची वेळ आली तर सोलून काढता येते.

वायरमन_उसगाव
गाड्यांचं वायरिंग हा माझा धंदा. मागून ठोकलेल्या गाड्या दिव्यांच्या कामासाठी माझ्याकडे येतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझं मत: पेटणाऱ्या भागावर काहीही लावू नका, लाइट स्मोकही नको.

सगळे रात्रीची काळजी करतात. पण रात्री एलईडीचा उजेड थोडा कमी झाला तरी काळोखात दिसतो. खरी अडचण दिवसाउजेडी होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पणजीहून फोंड्याला या. जुनं गोवं, बाणस्तारी, भोम, कुंडई, सगळी वाट सूर्य पाठीवर असतो आणि उन्हं थेट मागच्या दिव्यांवर पडतात. साध्या लाल दिव्याचा ब्रेक तेवढ्या उन्हातही कळतो. स्मोक केलेला दिवा काळी चकाकती काच होऊन बसतो. मागच्याला फरक कळायला अर्धा सेकंद जास्त लागला असं धरा. साठच्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात, म्हणजे अर्ध्या सेकंदात आठ मीटरच्या वर. पावणेदोन मस्टँग लांबी झाली ती. एलईडी साध्या बल्बपेक्षा सुमारे ०.२ सेकंद आधी पूर्ण पेटतो, एवढा चांगला दिवा कंपनीने दिलाय. तो फायदा आपण पैसे मोजून घालवायचा का?

आणि तुमच्या मागे कोण असतं ते बघा. भाड्याच्या स्कूटरवर मोबाईलचा नकाशा बघत चाललेली पोरं, मागे माणूस बसवलेला पायलट (मोटारसायकल टॅक्सीवाला), पावसात हेल्मेटचा व्हायजर खाली केलेला एखादा कामगार. मस्टँग जोरात जाते तशीच जोरात थांबते. स्कूटर तशी थांबत नाही. गाडी तुमची असली तरी हाडं त्याची मोडणार.

आता रिफ्लेक्टर, ज्याचा विचार फिल्म लावताना कोणीच करत नाही. फिल्ममधून निम्मा उजेड जातो असं समजा. ब्रेकलाइटचा निम्मा उरला. पण रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीच्या हेडलाइटचा उजेड फिल्ममधून आत जाताना निम्मा होतो आणि परत बाहेर येताना त्याचाही निम्मा. उरला पाव. चवथीत गावात गाड्या कुठे लावतो आपण? अरुंद रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, काळोखात. गाडी बंद, दिवे बंद, काळा रंग. तेव्हा येणाऱ्याला फक्त तो रिफ्लेक्टर दिसतो. दिव्यात रिफ्लेक्टर असेल तर त्या जागेला हातसुद्धा लावू देऊ नका.

तिसरी ब्रेकलाइट आहे हे खरं, पण गाडी वळणार कुठे ते ती सांगत नाही आणि गाडी किती रुंद आहे तेही नाही. चोर्ल्यात धुकं उतरलं की मागच्याला दोन लाल ठिपके लागतात, त्यांच्यातल्या अंतरावरून तो अंदाज घेतो.

स्प्रेचं एवढंच सांगतो: दिव्याची काच ही काच नसते, ॲक्रिलिक असतं. थिनर लागला की त्यात बारीक तडे जातात, ते पॉलिश करून निघत नाहीत. तुमची गाडी अमेरिकेतून तयार होऊन आलेली, आणि फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं. दिवा खराब झाला तर मूळचा मिळवायला किती फिरावं लागेल बघा.

अमेरिकेचा सेट तर अजिबात नको. तिकडे विकल्या जाणाऱ्या मस्टँगला मागचे इंडिकेटर लाल असतात. आपल्याकडे इंडिकेटर नारिंगीच लागतो.

साखळीकर
वरच्याशी सहमत. कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफाराबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफाराला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. काचांच्या काळ्या फिल्मवर सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्येच बंदी घातली, तेव्हा काळी फिल्म दिसली की पोलिसांची नजर जातेच. विमा कंपनीला न कळवता बदल केला आणि मागून धडक बसली, तर सर्व्हेअर आधी दिव्यांकडे बघेल.

व्हीएट_फोंडा
वायरमनबाब, मनापासून आभार. शनिवारी दुकानदाराकडून फिल्मचा तुकडा घेऊन फक्त डाव्या दिव्यावर चिकटवला आणि भावाला स्कूटरवर मागे यायला सांगितलं. जुन्या गोव्यापासून बाणस्तारीच्या पुलापर्यंत, संध्याकाळीच. ब्रेक मारला की डावा दिवा बंद पडलाय असंच त्याला वाटत होतं. डावा इंडिकेटर तर जवळ आल्यावर कळला. फिल्म घरी येताच काढली.

पण मागून ती पूर्ण काळी दिसावी ही हौस तशीच आहे. दिव्यातल्या पेटणाऱ्या लाल पट्ट्यांच्या भोवतीचा जो भाग पेटत नाही, तेवढाच ग्लॉस ब्लॅक व्हिनाइलने (चकचकीत काळ्या स्टिकरने) झाकला तर?

वायरमन_उसगाव
तेवढं खुशाल करा, आणि छान दिसेल. तीन उभ्या पट्ट्या ही १९६४ मधल्या पहिल्या मस्टँगपासूनची ओळख आहे, भोवती काळं आलं की लाल उलट जास्त खुलेल. व्हिनाइल दिव्यावर ठेवून ब्लेडने कापू देऊ नका, ॲक्रिलिकवर ओरखडा कायमचा राहतो. नाइफलेस टेप (ब्लेडशिवाय, आतल्या दोऱ्याने व्हिनाइल कापणारी पट्टी) वापरणारा रॅपवाला, म्हणजे गाडीवर व्हिनाइल चढवणारा, बघा. काम झालं की पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर, रिव्हर्स सगळं पेटवून बाजूने, तिरकस उभं राहूनही बघा. कडेला कुठे पट्टी झाकली गेली असेल तर तिथेच काढून घ्या, पैसे नंतर द्या.

व्हीएट_फोंडा
म्हापसा किंवा पणजीत नाइफलेस टेपने काम करणारा कोणी माहीत असेल तर मेसेज करा. चवथीला अजून वेळ आहे.