आरपीजीत अवकाशयुद्ध हवंच कशाला?

धरमपेठवाला: रविवारी नागपुरात सदरला आमचं आरपीजीचं सत्र झालं, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायची. यानामागे चाचे लागले आणि तासभर फक्त वैमानिक न् तोफची फासे टाकत होते. डॉक्टर झालेला गडी मोबाइल बघत बसला. माझं ठाम मत: यान हवं, पण लढाईसाठी नको. १९७७ च्या ‘ट्रॅव्हलर’ या अवकाशातल्या आरपीजीत व्यापारी यान कर्जावर मिळतं. दरमहा रोख किमतीचा २४० वा भाग, असे ४८० हप्ते. चाळीस वर्षं! जंप, म्हणजे एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे मारलेली उडी, जवळची असो की लांबची, आठवडा जातोच. इंधनाला पैसे नसले तर वायुग्रहावरून हायड्रोजन ओढायचा; तो शुद्ध न करता वापरला तर जंप भरकटू शकते. एक गोळी न झाडता जीव टांगणीला लागतो.

महालकर: नाही पटलं भाऊ. हप्ते तं इथंही सगळेच भरून राहिले, त्यासाठी अंतराळात काहून जायचं? लढाई नसली तं यान म्हणजे नुसती एसटी. २०१७ च्या ‘स्टारफाइंडर’ आरपीजीनं कप्तान, इंजिनिअर, तोफची, वैमानिक, सायन्स ऑफिसर अशी कामं वाटूनच दिली. डॉक्टर रिकामा बसला, हे खेळ चालवणाऱ्या गेममास्टरनं पाहायचं.

धरमपेठवाला: कामं वाटली, निर्णय कुठे वाटले? इंजिनिअर दर फेरीला तेच करतो: ढाल सावर, इंजिनाला जोर दे, एक फासा, संपलं. जमिनीवरच्या झटापटीत तोच गडी टेबल उलटवतो, थापा मारतो, पळतो. शिवाय यान फुटलं की अख्खा गट एका फटक्यात मेला. म्हणून गेममास्टर हात आखडता घेतो, आणि ते खेळणाऱ्यांना लगेच कळतं. मग भीती कसली उरली?

बर्डीकर: ‘ट्रॅव्हलर’च्या लढाईतले वेक्टर कोणी खेळलंय का? यान या फेरीत जितकं सरकलं, तितकंच पुढच्या फेरीत आपोआप सरकणार. थांबायचं तर उलट्या दिशेनं तेवढाच जोर लावावा लागतो. कागदावर पट्टी-पेन्सिलनं रेघ ओढली की कुठे वळायचं यावर सगळं टेबल भांडतं, डॉक्टरसुद्धा. न्यूटन इतका हाताला लागलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

धरमपेठवाला: हे मान्य. पण डागलेल्या प्रत्येक क्षेपणास्त्राची किंमत महिन्याच्या हिशेबात धरा. तेव्हाच लढायचं की माल टाकून पळायचं, हा सगळ्यांचा प्रश्न होतो.

महालकर: दर गोळीला वही काढली तं चाच्यांना कोण भिडेल? सगळेच पळतील. मी खेळवीन तेव्हा दारूगोळा फुकट.