एका गाण्याचा गायक? नाही पटत

भांगडा गायक मलकीत सिंग म्हणजे ‘तूतक तूतक तूतियां’ हे एकच गाणं, असं म्हणून कुणीतरी त्यांना तेवढ्यापुरतं मर्यादित करून टाकलंय, म्हणून लिहितोय. हा माणूस १९८४ च्या सुमारास पंजाबातून बर्मिंगहॅमला गेला आणि ‘गोल्डन स्टार’ हा त्यांचा वाद्यवृंद तिथे जमला. तेव्हाच्या इंग्लंडात भांगड्याचा बाजार वेगळाच होता. कॅसेटी विकल्या जायच्या किराणा आणि मिठाईच्या दुकानांत, समोशांच्या शेजारी! ती विक्री गाण्यांच्या खपाच्या अधिकृत याद्यांत मोजलीच जात नसे. त्यामुळे खप कितीही असला तरी गोऱ्या रेडिओवाल्यांना पत्ताच नाही. शिवाय रात्री बाहेर पडायला घरून परवानगी नसलेल्या पोरापोरींसाठी भरदुपारी कार्यक्रम व्हायचे. शाळा-कॉलेजला दांडी मारून गर्दी जमायची. (आपल्याकडच्या मॅटिनीसारखंच की!)

लग्नाच्या हॉलमधून सुरू झालेली ही वाट २००८ साली ब्रिटिश सरकारच्या ‘एमबीई’ (मेंबर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर) या किताबापर्यंत पोचली. पण मला विचाराल तर त्यांची खरी कमाई आवाजाची आहे. सिंथेसायझर, ड्रम मशीन काहीही मागे वाजू दे, गळा अस्सल गावाकडचाच राहिला. त्यांचं ‘गुड नालों इश्क मिठा’ हे गाणं हेडफोन लावून ऐका, मग बोलू.